मार्थाबाईंनी ओ दिली

मार्थाबाईंचं जन्मनाव गेंदा होतं, हे खैरपाड्यात कोणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक असण्याचं कारणही नव्हतं. चोपड्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी असलेल्या त्या चाळीस घरांच्या पाड्यात त्या १९६४ साली आल्या, त्या मार्थाबाई म्हणूनच. अडतीस वर्षांची विधवा बाई, एक लोखंडी ट्रंक, औषधांची पेटी आणि काळ्या कापडात गुंडाळलेलं शास्त्र. धुळ्यातल्या देवपूरच्या ख्रिस्ती मंडळीने त्यांना बायबलबाई म्हणून पाठवलं होतं. तापाच्या गोळ्या द्यायच्या, चिकटलेले डोळे बोरिकच्या पाण्याने धुवायचे, अडलेली बाळंतीण सोडवायची आणि रविवारी जी कोणी येऊन बसेल तिला शास्त्रातलं काही वाचून दाखवायचं. रविवारी चार-पाच बायका येत. गोष्ट ऐकत, तंबाखू मळत, आणि उठून जात. नऊ वर्षांत एकीनेही बाप्तिस्मा घेतला नव्हता. बाईंना त्याचं फार वाटत नसे. शास्त्रातल्या मार्थेवर त्यांचा जीव होता. "प्रभूने तिला चुलीपाशी फार राबते म्हणून टोकलं खरं," असं त्या हसून म्हणत, "पण जेवला असेल तो तिच्याच हातचं ना?"

त्यांचा जन्म तिकडे पश्चिमेला, अक्राणीच्या डोंगरातला. गेंदा सात वर्षांची असताना पाड्यावर पटकी आली. त्याच्या आदल्या दिवशीची एक गोष्ट तिच्या मनात जन्मभर राहिली. आई शेताच्या बांधावर उभी होती, ऊन डोक्यावर आलेलं होतं, आणि आईने एकाएकी मान वळवून "ओ!" असा जाब दिला. गेंदाने पाहिलं, तर तिकडे कोणी नव्हतं. आईच्याही ते लक्षात आलं. तिचं तोंड पांढरं पडलं. तिने लेकीला जवळ ओढून बजावलं, "भर दुपारी कोणी नाव घेऊन हाक मारली तर ओ देऊ नको. वळून पाहू नको. माणूस असलं तर समोर येईल. समोर येत नाही ते माणूस नसतं." दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आई गेली. मग बाप गेला. उरलेल्या पोरीला कोणीतरी मिशनच्या मुलींच्या वसतिगृहात पोचवलं. तिथे ती लिहायला शिकली, चौदाव्या वर्षी बाप्तिस्मा झाला, मार्था झाली. पुढे लोटन नावाच्या प्रचारकाशी लग्न झालं. लोटनराव भला माणूस होता. एकसष्ट साली पान लागून, म्हणजे साप चावून, गेला. मूलबाळ नव्हतं. गेंदा हे नाव घेणारं माणूस तेव्हा जगात उरलं नव्हतं.

एकोणीसशे त्र्याहत्तरचा तो मे महिना. दुष्काळाचं दुसरं वर्ष. डोंगरावरच्या सागाला पान नव्हतं, नुसते काळे सोट उभे. कावळेसुद्धा तापीच्या बाजूला निघून गेले होते. पाड्यातली माणसं, बाया, थोडी मोठी पोरं, सगळी उजाडताच दोन कोसांवरच्या पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर जात आणि सुकडीची, म्हणजे सरकारी भाजक्या पिठाची, पुडकी घेऊन दिवस मावळताना परत येत. दिवसभर पाड्यात राहत ती म्हातारी, आजारी, नाहीतर ओली बाळंतीण. दुपारी इतकी शांतता असे की चुलीतली राख खाली बसल्याचं ऐकू यावं.

त्या महिन्यात हगवण-ओकारीची साथ आली. पंधरा दिवसांत पाच लेकरं गेली. त्यांत दोन कुवरसिंगची. पस्तिशीचा, अबोल, कामाला वाघ असा हा माणूस. त्याची दोन्ही लेकरं मार्थाबाईंच्या मांडीवर गेली. मीठ-गुळाचं पाणी चमच्याचमच्याने पाजत बाई बसल्या होत्या. गाडी मिळाली असती तर चोपड्याला सलाइन लागलं असतं, पण गाडी मिळाली नाही. दुसरं लेकरू पुरून आल्यावर कुवरसिंग बडव्याकडे गेला. बडवा म्हणजे त्यांचा देवऋषी. बडव्याने ज्वारीचे दाणे मांडले, मोजले, पुन्हा मांडले. त्याने कोणाचं नाव घेतलं ते बाईंना कोणी सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाड्यातल्या प्रत्येक दारापुढे राखेची रेघ ओढलेली दिसली. फक्त एका दारापुढे नव्हती. ते घर रुपलीचं.

रुपली कुवरसिंगची फुई, म्हणजे आत्या. साठीची, नवरा टाकून आलेली, फटकळ, पाड्याच्या टोकाला एकटी राहणारी. मोहाची फुलं वेचून आणायची आणि कोणाला मूठभरही द्यायची नाही. गुरुवारी ती दिसली नाही. शुक्रवारी सकाळीही तिचं दार उघडंच होतं आणि चूल गार होती. बाईंनी कुवरसिंगच्या बायकोला, चमेलीला, विचारलं. चमेलीने मान खाली घातली.

"फुई खाली गई," ती म्हणाली.

डोंगरातली माणसं सपाटीच्या मुलखाला खालीच म्हणतात. चोपड्याला गेलं तरी खाली, अमळनेरला गेलं तरी खाली. रुपली घाबरून कोणा नातलगाकडे गेली असेल, असं बाईंनी धरलं. बरंच झालं, असंही वाटून गेलं.

त्याच दिवशी दुपारी त्या ओट्यावर बसून उकळलेल्या चिंध्या वाळत घालत होत्या. ऊन डोक्यावर होतं. सावली पायाखाली गेलेली. आणि हाक आली.

"गेंदे! ए गेंदे!"

आवाज बाईचा होता. लांबून, पाड्याच्या मागच्या अंगाने, जुन्या विहिरीकडून आल्यासारखा. ती विहीर आटून वर्ष झालं होतं. तळाला नुसता चिखल म्हणून तिकडे कोणी फिरकत नसे. बाईंच्या हातातली चिंधी तशीच राहिली.  पण त्या वळल्या नाहीत. चाळीस वर्षं शास्त्र वाचलेल्या, दीडशे बाळंतपणं केलेल्या, अमावास्येला एकट्या डोंगर उतरलेल्या बाई सात वर्षांच्या पोरीसारख्या मान ताठ धरून बसल्या. मग उठल्या, घरात गेल्या आणि आतून कडी लावली.

आतमध्ये त्यांनी स्वतःची समजूत घातली. ऊन आहे. पोटात नीट अन्न नाही. पाच लेकरं हातची गेली, झोप नाही. प्रार्थना करायला गुडघे टेकले, पण शब्द सुचेनात. कान बाहेर लागले होते.

शनिवारी त्या मुद्दामच ओट्यावर बसल्या नाहीत. पाड्यातले लंगडे म्हातारे उखर्डू नाना, त्यांच्या पायाचं गळू धुवायला त्यांच्या झोपडीत गेल्या. त्यांच्याशी त्या मोठमोठ्याने बोलत राहिल्या. आणि बोलता बोलता मधल्या श्वासात ती हाक आली. कालच्यापेक्षा जवळून.

"गेंदे!"

"नाना, काही ऐकलं का?"

"काय?" नाना म्हणाले. "आठे कोन शे ऐकायले? बठ्ठा कामवर गयात." पण असं म्हणताना त्यांनी आपला पाय बाईंच्या हातातून काढून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यांनी हाक ऐकली नव्हती. पण विहिरीच्या दिशेबद्दल त्यांना काही बोलायचं नव्हतं, एवढं बाईंना कळलं.

रविवारी एकही बाई गोष्ट ऐकायला आली नाही. बाईंनी एकटीनेच उपासना केली. शास्त्र उघडलं ते मंदिरातल्या त्या लहानग्याच्या गोष्टीपाशी, ज्याला नावाने हाक येते. त्याला वाटतं म्हातारा याजक बोलावतोय. तो धावत जातो. याजक म्हणतो, मी नाही बोलावलं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा याजकाला उमजतं आणि तो सांगतो, आता हाक आली तर म्हण, बोल, मी ऐकतोय. ही गोष्ट बाईंनी पोरांना शंभरदा सांगितली असेल. नेहमी गोड करून, त्या पोराचा आवाज काढून. त्या रविवारी पहिल्यांदाच त्यांच्या मनात आलं की त्या पोराला भीती कशी वाटली नाही? अंधारात कोणी दिसत नाही, आणि नाव घेऊन बोलावतंय. आपल्या आईने सांगितलं, ओ देऊ नको. या याजकाने सांगितलं, ओ दे. दोघांनीही लेकराच्या जिवासाठीच सांगितलं. आणि आपल्याला सांगायला इथे कोणीच नाही. पाळकसाहेब बसले धुळ्याला.

त्यांनी पुस्तक मिटलं. मग त्यांना वाटलं, हाक चांगल्याची की वाईटाची, हे दार लावून कळायचं नाही. दोन दिवस आपण ऐकलं आणि कडी घातली. आपल्या दाराशी कोणी मूल घेऊन असं उभं राहिलं असतं, तर आपण कडी घातली असती का?

दुपार झाली तशा त्या उठल्या. पायात वहाणा घातल्या, डोक्यावर पदर घेतला आणि चालत पाड्याच्या मागे गेल्या. विहीर पन्नास पावलांवर राहिली तेव्हा हाक आली. आता अगदी स्वच्छ, घरातल्या माणसाने जेवायला बोलावल्यासारखी.

"गेंदे!"

 बाईंनी आवाज काढला.

"ओ! आले. बोल, मी ऐकते आहे."

पुढे काहीच आलं नाही. वारा नव्हता. एक पानही हललं नाही. त्या चालत विहिरीच्या काठाशी गेल्या आणि वाकून पाहिलं. आधी अंधारच दिसला. मग डोळे सरावले, आणि तळाच्या चिखलात, भिंतीला टेकून बसलेली रुपली दिसली. एक पाय वेडावाकडा पसरलेला. तोंड वर. डोळे उघडे. मेली, असं बाईंना वाटलं. तेवढ्यात ते डोळे हलले.

"तुम्ही कोनले ओ दिन्ही?"

हा आवाज मागून आला. बाई वळल्या. निंबाच्या बुंध्याआडून कुवरसिंग पुढे आला होता. दाढी वाढलेली, आणि दोन्ही हातांत डोक्याएवढा दगड.

"कुवरसिंगभाऊ, तू कामावर गेला नाहीस?"

"मी रोज दुपारले येस," तो म्हणाला. त्याची नजर बाईंवर नव्हती, विहिरीवर होती. "खालतून काहीच आवाज नही. माले वाटनं, मरी गई. तुम्ही कोनले ओ दिन्ही, अक्का?"

 बाईंना एवढंच समजलं की हा माणूस तीन दिवस इथे बसला होता आणि त्याने एकही हाक ऐकली नव्हती.

"तो दगड खाली ठेव," त्या म्हणाल्या.

"ती डाकीण शे. मना दोन लेकरं खाई गई."

"तुझी लेकरं कुठे गेली?"

त्याने दगड छातीशी घट्ट धरला.

"माझ्या मांडीवर गेली. या मांडीवर. तेव्हा ही तिथे नव्हती, मी होते. पाणी मी पाजत होते. कोणी खाल्लीच असतील तर मी खाल्ली. आधी मला लोट." आणि बाई खरोखर विहिरीच्या काठावर बसल्या, पाय आत सोडून, त्याच्याकडे पाठ करून.

त्या बसण्याबद्दल त्या पुढे कधी फारशा बोलल्या नाहीत. पाठीवर ऊन होतं आणि पाठीमागे एक माणूस दगड घेऊन उभा होता, एवढंच सांगत. किती वेळ गेला ते त्यांना कळलं नाही. मग दगड जमिनीवर पडल्याचा आवाज आला.

"दोर आण," त्या मागे न बघता म्हणाल्या. "आणि खाट."

पावलं दूर गेली. तो दोर घेऊन येईल की माणसं घेऊन, हे सांगता येत नव्हतं. बाई रुपलीशी बोलत राहिल्या. रुपली वर बघत राहिली, तोंडातून शब्द नाही. शेवटी कुवरसिंग एकटाच आला. खाट दोराला बांधून सोडली, तो स्वतः खाली उतरला. आत्याला उचलताना तो लहान पोरासारखा हुंदके देत होता. त्या विहिरीत ते रडणं फार विचित्र घुमत होतं, जणू खाली तिघं-चौघं रडत आहेत.

रुपलीच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. चिखलातून ओंजळभर पाझरलेलं पाणी चाटून ती तगली होती. जीभ सुजून तोंड भरलेलं. तिला बोलता येईना. तिसऱ्या दिवशी पेज पिता पिता तिचा आवाज फुटला. बाईंनी सहज म्हणून म्हटलं, "तू हाका मारल्यास म्हणून वाचलीस, रुपले."

रुपलीने मान हलवली.

"मी हाक नही मारी."

"मग?"

"तोंड कोठे उघडत व्हतं मनं? वरतून कोनीतरी बाई हाका मारी राहिनी व्हती. रोज दुपारले." ती पेजेच्या वाडग्याकडे बघत म्हणाली. "माले वाटनं, माले माराले उनात. मी गुपचूप बसनू." मग तिने वर बघितलं. "अक्का, गेंदा कोन शे?"

बाईंनी हातातला चमचा वाडग्यात ठेवून दिला. "मी," एवढंच त्या म्हणाल्या.

बाई चोपड्याला गेल्या आणि पोलीस ठाण्यात सांगून आल्या. जमादार आला, पण रुपलीने त्याला तोंडावर सांगितलं, पाय घसरला. का, ते तिने बाईंना कधी सांगितलं नाही. पुढच्या महिन्यात बाई देवपूरला गेल्या तेव्हा त्यांनी पाळक पितांबरसाहेबांना सगळं सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं. "उपास, ऊन, दुःख," ते म्हणाले. "माणसाला भास होतात, मार्थाबाई. देव त्या भासाचाही उपयोग करून घेतो."

"माझा भास असेल साहेब," बाई म्हणाल्या. "मग रुपलीने काय ऐकलं?"

 साहेब म्हणाले, "आपण प्रार्थना करू या." दोघांनी प्रार्थना केली. निघताना ते दारापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, "हे मंडळीत सांगू नका. मला वाटतं ते खरं आहे, म्हणूनच सांगू नका."

रुपली मग बाईंच्याच घरी राहिली. पाड्यात तिला घर कोण देणार? पहिले तीन महिने बाईंकडे औषधालाही कोणी आलं नाही. आता त्यांच्या दारापुढचीही राखेची रेघ पुसून टाकलेली होती. मग पाऊस झाला, ताप आले, आणि एकेक जण येऊ लागला. रुपली काठी टेकत अंगणात फिरे, पाणी उकळे, चिंध्या वाळत घाली. कधी कधी भर दुपारी ती एकदम थांबे आणि मान तिरकी करून ऐकत राही. बाईंना काही ऐकू येत नसे. एकदा ती तशीच उभी असताना म्हणाली, "अक्का, तुले बलावस." बाईंनी हातातलं काम ठेवलं आणि बाहेर जाऊन पाहिलं. दारात कोणी नव्हतं. त्या तरीही "ओ" म्हणाल्या आणि आत आल्या. त्यानंतर त्या दोघींत त्या विषयावर बोलणं झालं नाही.

रुपलीने बाप्तिस्मा घेतला नाही. पण शास्त्रातली एक गोष्ट तिला फार हवी असे: सख्ख्या भावांनी कोरड्या खड्ड्यात टाकलेल्या मुलाची. तो पुढे मोठा अधिकारी होतो, आणि दुष्काळात तेच भाऊ धान्य मागायला येतात. "त्यास्ले ओळखं का त्यानी?" ती दर वेळी विचारी. हो, ओळखलं. "मग?" मग तो रडला आणि त्यांना माफ केलं. इथे रुपली दर वेळी तंबाखूची पिंक टाकी. "मी नही करनार," ती म्हणे. "लिही ठेव तुना पुस्तकमा."

कुवरसिंग दर आठवड्याला डोंगरातून लाकडाची मोळी आणी आणि बाईंच्या कुडाशी टाकून जाई. आत येत नसे, बोलत नसे. रुपलीने सांगून ठेवलं होतं, त्या लाकडाला हात लावायचा नाही. बाई विकतचं जळण आणत आणि ती मोळ्यांची रास वाढत जाई. शहात्तर सालच्या श्रावणात ती छपरापर्यंत पोचली होती. खालच्या लाकडांना आळंबी आली होती, त्यांत सरडे राहत होते.

त्या वर्षी पावसाने आठ दिवस उसंत घेतली नाही. घरातलं जळण संपलं. रुपलीच्या मोडलेल्या खुब्यात कळा येत होत्या आणि ती चुलीपाशी आखडून बसली होती. बाई शेजारी जळण मागायला निघाल्या, तेवढ्यात रुपली काठी टेकून उठली, बाहेर गेली, आणि वरचं एक कोरडंसं लाकूड ओढून घेऊन आली. तिने ते मोडलं, चुलीत सारलं, फुंकणीने फुंकलं.  बाईंनी चहाचं आधण ठेवलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी कुवरसिंग पावसात भिजत आला आणि मोळी टाकून मागे वळला. ओट्यावरून रुपली ओरडली. तीन वर्षांत ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलत होती.

"अरे ए! ओली लाकडं कसाले आनी? अक्कल शे का नही तुले?"

कुवरसिंग जागच्या जागी उभा राहिला. मग त्याने ती मोळी पुन्हा डोक्यावर घेतली आणि कोरडी लाकडं आणायला निघून गेला.